साठ मोजेपर्यंत

कडूबा : निळी नको.

मुनीर : निळीला काय झालं भाऊ? सगळ्यात जास्त निळीच खपती.

कडूबा : एवढ्या रंगांत तू आधी निळीच का काढली, ते सांग.

मुनीर : मोबाइलमधे पहिला फोटो तिचा होता म्हणून.

कडूबा : पहिला फोटो. जयभीमवाला आला की त्याला घड्याळाची निळी तबकडी दाखवायची, असं न्हाई ना?

मुनीर : आता हिरवी काढली तर म्हणाल, मुनीर आपला रंग गळ्यात मारून राह्यला. नारिंगी काढली तर तिसरंच काही म्हणाल. तीस वर्षं झाली माझ्या दुकानात येता तुम्ही. आजवर कधी घड्याळाची जात विचारली न्हाई.

कडूबा : प्रियाचं लग्न जमलं तवापासून मला सगळ्याच गोष्टीचा वास येऊन राह्यला, मुनीर.

मुनीर : वास येऊ द्या, पण जल्दी येऊ द्या. माझा भाचा नोमान मुंबईच्या शोरूममधून पाचला सुटतो. त्याच्या आत रंग सांगितला, तर घड्याळ आजच्या ट्रॅव्हल्सनं निघतं. परवा रविवारी साखरपुडा. जावयाच्या मनगटावर काय रिकामा डब्बा बांधता?

कडूबा : आन् ते असलीच असंल कशावरून?

मुनीर : बिल येतं, कार्ड येतं, मागच्या झाकणावर नंबर येतो. नकली द्यायचं असतं तर नोमान कशाला पाहिजे? ते आष्टीच्या बाजारात गाड्यावर मिळतं, टोपीवर फुकट.

कडूबा : काय काय करतं ते पुन्हा सांग.

मुनीर : चौथ्यांदा सांगून राह्यलो. तीनशे मीटर पाण्यात चालतं. अंधारात काटे उजळतात. आणि हे काचेच्या भोवतालचं कडं बघा, आकडे कोरलेत त्याच्यावर. हे फिरतं. पाण्यात उतरताना ह्याची खूण मोठ्या काट्यासमोर आणून ठेवायची. मंग किती मिनिटं झाली ते कड्यावर वाचायचं, हिशोब करायचं काम न्हाई. पण हे एकाच बाजूनं फिरतं.

कडूबा : दुसऱ्या बाजूनं का न्हाई?

मुनीर : तीच तर कारागिरी. खाली कशाचा धक्का लागला, कडं सरकलं, तर झाली त्याच्यापेक्षा जास्तच मिनिटं दाखवतं. कमी कधीच न्हाई. म्हणजे घड्याळ चुकलं तरी माणूस लवकर वर येतो. उशिरा न्हाई.

कडूबा : संपतसारखं.

मुनीर : संपत म्हणजे तुमचे मेहुणे?

कडूबा : आमच्या कांताबाईचा धाकटा भाऊ. दोर धरायचा ना माझा. कोणाच्या विहिरीत मोटार पडली, कळशी पडली, माणूस पडला, की मी खाली आन् संपत काठावर. साठ मोजायचे आन् मंग वढायचं, असं ठरल्यालं. पण त्यानं कधी साठ पुरे मोजले न्हाईत. पन्नासलाच वढायचा. हाताला लागलेली मोटार सुटून जायची. वर येऊन मी त्याच्या सात पिढ्या काढायचो. तो म्हणायचा, दाजी, मोटार दुसरी मिळती.

मुनीर : सख्खे भाऊ होते की तुम्हाला. त्यांच्या हातात का न्हाई दिला दोर?

कडूबा : आमच्या बापापासून रीत आहे. दोर मेहुण्याच्या हाती द्यायचा. भावाच्या मनात कधीतरी वावराची वाटणी येती. मेहुण्याच्या मनात बहीण असती. तो दोर सोडूच शकत न्हाई. संपत गेला त्याला दोन वर्षं झाली. तवापासून मी पाण्यात पाय घातला न्हाई.

मुनीर : बरं. मंग रंगाचं? ही पांढरी बघा. एकदम साफ, उन्हातसुद्धा काटे लख्ख दिसतात.

कडूबा : पांढरी तर बिलकुल न्हाई. पांढरी काठावर बसणाऱ्याची. बाभळीच्या सावलीत बसायचं आन् टाइम बघायचा. पाण्यात जाणाऱ्याची काळी.

मुनीर : हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय?

कडूबा : मी पाहिलंय. धरणावर खलाशी होतो, गेटची चाकं फिरवायचो, तवा गेटमधे झाडाचं खोड अडकलं होतं. मुंबईहून पाणबुडे बोलावले. त्यांचा साहेब रबराचा पोषाख चढवून पाण्यात उतरला. मनगटावर हेच, असंच कडं, काळी तबकडी. मी त्याचे कपडे हातात धरून उभा. मलाही बुडी मारता येती, पण मला कोण विचारतो? मी लंगोटीवर जाणारा. त्या दिवशी मनात आलं, आपल्या घरात असा एक माणूस पाहिजे. अठ्ठावीस वर्षं झाली. आता जावई पाणबुड्या मिळाला, रिटायरचे पैसे हातात आले, म्हणून तुझ्याकडं आलो. न्हाईतर एवढ्यात दोन म्हशी येत्यात.

मुनीर : मंग काळी घ्या आणि मला मोकळं करा.

कडूबा : घेतली असती. पण आधी खातरी पाहिजे.

मुनीर : घड्याळाची?

कडूबा : पोराची.

मुनीर : बुद्धभूषणची? अहो, राजूरचं चांगलं घर. समुद्रात तेलाच्या विहिरीवर नोकरी. बापाला ना विडीचा नाद ना बाटलीचा. तुम्हीच तर दुकानात येऊन पेढे दिले.

कडूबा : पेढे कौसल्याबाईच्या शब्दावर दिले. स्थळ तिनंच आणलं, पोराची मावशी लागती ती. म्हणली, पोरगा डायव्हिंगमधे आहे. मी तिथंच पाघळलो. पण बघायला आले त्या दिवसापासून डोक्यात किडा वळवळून राह्यला. हात मिळवला ना त्यानं, तवा कळलं. तळहाताला हे असे घट्टे.

मुनीर : मेहनती आहे मंग.

कडूबा : पाण्यातल्या माणसाचे हात असे नसतात. पाणी हात मऊ करतं, बोटांची कातडी निघती. माझे बघ. ते हमालाचे हात होते. आन् दुसरं, कान. माझा हा डावा कान खोल विहिरीत गेला, फुटला. बुडी मारणाऱ्याचे कान शाबूत राहत न्हाईत. त्या पोराला सैपाकघरातून कांताबाई हळूच म्हणली, चहात साखर राहिली, ते ऐकू आलं. तो म्हणला, मामी, मला बिनसाखरेचाच चालतो.

मुनीर : कान चांगले आहेत हा गुन्हा झाला काय?

कडूबा : तिसरं ऐक. दोन तास बसला होता, एक शब्द स्वतःच्या कामाबद्दल बोलला न्हाई. खाली मान घालून ऐकत राह्यला. ज्याला लपवायचं असतं तोच गप बसतो. आन् चौथं, काही मागितलं न्हाई. ना गाडी, ना अंगठी. म्हणले, मुलगी द्या, बस. न मागणाऱ्याची मला जास्त भीती वाटती.

मुनीर : मागितलं असतं तर लालची म्हणला असता.

कडूबा : माझ्या बहिणीचं माहीत आहे ना तुला? दैवशालाच्या पोरीला पुण्याच्या कंपनीतला साहेब म्हणून दिला. निघाला गेटवरचा वॉचमन. वॉचमन असण्यात कमीपणा न्हाई, मी जन्मभर खलाशी होतो. पण खोटं बोलून मांडवात आला. सहा महिन्यांत पोरगी माघारी आली, अजून उंबऱ्याच्या आत तोंड लपवून बसती. माझी प्रिया तशी माघारी आलेली मला बघवणार न्हाई, मुनीर. पोरगा खोटा निघाला तर साखरपुडा आजच मोडतो. चार लोक नावं ठेवतील, ठेवू दे.

मुनीर : तुम्हाला घड्याळ घ्यायचं आहे का लग्न मोडायचं आहे?

कडूबा : ते आता तू ठरवणार. लाव त्याला फोन.

मुनीर : मी?

कडूबा : म्हणायचं, दुकानातून बोलून राह्यलो, तुमच्या सासऱ्यानं घड्याळ सांगितलं आहे, कोणता रंग पाठवू. एवढंच. मी इथं बसलोय हे सांगायचं न्हाई. मंग हळूच विचारायचं, लाल तबकडी घेतली तर खोल पाण्यात कशी दिसंल.

मुनीर : लाल तर आपल्याकडं न्हाईच.

कडूबा : नसू दे. जो खाली गेलाय त्यालाच त्याचं उत्तर माहीत असतं. लाल रंग सगळ्यात आधी मरतो पाण्यात. पाच परस, म्हणजे पाच माणसांएवढं खाली गेलं की लाल राहत न्हाई, काळं होतं. मी एका बाईला काढायला गेल्तो. घरच्यांनी सांगितलं, अंगावर लाल लुगडं आहे. मी लाल शोधून राह्यलो. तीनदा गेलो, दिसंना. शेवटी हाताला लागली, तर अंगावर काळं. म्हणलं ही दुसरीच कोणी. वर आणली, उन्हात ठेवली, तर लुगडं लालभडक. तिचा नवरा माझ्याकडं बघून राह्यला आन् मी त्या लुगड्याकडं. हे ऐकून कोणाला कळत न्हाई. बघावं लागतं.

मुनीर : भाऊ, हे बराबर न्हाई. असं चोरून माणूस पारखू नये.

कडूबा : तू घड्याळ विकत घेताना मागचं झाकण उघडून बघतोस का न्हाई?

मुनीर : बघतो.

कडूबा : मंग लाव. आन् आवाज मोठा कर, माझा उजवा कानही आता अर्धाच आहे.

मुनीर : लागली रिंग. खोकू नका मधे.

बुद्धभूषण : हॅलो?

मुनीर : नमस्कार साहेब. आष्टीहून मुनीर बोलतो, घड्याळाच्या दुकानातून. तुमच्या घड्याळाचा रंग विचारायचा होता.

बुद्धभूषण : मी कोणतंच घड्याळ मागवलेलं नाही.

मुनीर : तुम्ही न्हाई, तुमच्यासाठी मागवलंय. फक्त रंग सांगा.

बुद्धभूषण : आणि मग तुम्ही एक नंबर पाठवणार, तो मी वाचून दाखवायचा. मागच्या महिन्यात आमच्या बार्जवरच्या एकाचा पूर्ण पगार असाच गेला, काका. दुसरं गिऱ्हाईक बघा.

मुनीर : अहो साहेब, ठेवू नका. तुमचे होणारे सासरे कडूबाभाऊ, त्यांनी सांगितलंय. साखरपुड्यासाठी. पाण्यात चालणारं, परदेशी.

बुद्धभूषण : मामांनी? कोणत्या मामांनी? त्यांच्या मुलीचं नाव सांगा.

मुनीर : प्रिया. परतूरला दवाखान्यात नर्स आहे. आता माझी परीक्षा झाली का?

बुद्धभूषण : माफ करा. दिवसच तसे आहेत. पण मामांना सांगा, नका घेऊ. आम्ही काही मागितलेलं नाही. महाग असतात ती घड्याळं, आमच्या साहेब लोकांच्या हातात बघतो मी.

मुनीर : त्यांनी घ्यायचंच ठरवलंय. काळी, निळी, हिरवी, पांढरी, नारिंगी. तुम्ही सांगा. आणि एक विचारतो, अशीच माहिती म्हणून. लाल डायल घेतली तर खोल पाण्यात कशी दिसंल?

बुद्धभूषण : काळी दिसते म्हणतात.

मुनीर : म्हणतात? तुम्ही पाहिली न्हाई?

बुद्धभूषण : नाही. मी खाली जात नाही.

मुनीर : खाली जात न्हाई म्हणजे? तुम्ही तर डायव्हर ना?

बुद्धभूषण : डायव्हर कोणी सांगितलं? मी टेंडर आहे. वर डेकवर असतो.

कडूबा : ठेव फोन.

मुनीर : भाऊ, थांबा.

कडूबा : ठेव म्हणतो ना. झालं माझं काम. मोडलं.

बुद्धभूषण : मामा? मामा तिथंच आहेत ना? मला वाटलंच. मघापासून कोणीतरी खोकला दाबतंय, ते ऐकू येत होतं.

कडूबा : तुमचे कान फार तेज आहेत, पाहुणे.

बुद्धभूषण : जयभीम मामा.

कडूबा : जयभीम नंतर. पाणबुड्या म्हणून माझ्या घरात चहा प्यायलात आन् आता म्हणता मी खाली जात न्हाई. माझ्याशी खोटं का बोललात?

बुद्धभूषण : मी खोटं बोललो नाही, मामा. मी बोललोच नाही.

कडूबा : तेच ते. गप राहून फसवायचं.

बुद्धभूषण : रागावू नका, पण तुम्ही बोलायला जागाच दिली नाही. मी आल्यापासून तुम्ही विहिरी सांगायला लागलात. वाटूरची विहीर झाली, मग ती दगडी कपारीची झाली, मग ट्रॅक्टरचा पाटा काढला ती झाली. मी दोनदा तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, थांबा पाहुणे, खरी गंमत पुढं आहे. वडीलधाऱ्या माणसाला मधेच कसं तोडू? आणि खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटत होतं. आमचे डायव्हर वर आले की झोपतात, खालचं कोणी सांगत नाही.

मुनीर : हे मात्र मला पटतं, भाऊ. कपारीची विहीर मी अकरा वेळा ऐकली.

कडूबा : तू मधे बोलू नको. पाहुणे, मंग डायव्हिंगमधे आहे, हे कौसल्याबाई कशी म्हणली?

बुद्धभूषण : मावशीला तेवढंच कळतं. डायव्हिंगच्या कंपनीत आहे म्हणून डायव्हिंगमधे. पण प्रियांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गच्चीवर आम्हाला दहा मिनिटं दिली होती ना, तेव्हा.

कडूबा : प्रियाला माहीत आहे?

बुद्धभूषण : हो.

कडूबा : आन् तिनं मला सांगितलं न्हाई. कांताबाईला?

बुद्धभूषण : त्यांचं मला माहीत नाही. प्रिया म्हणाल्या, बाबांना मी सांगते, वेळ बघून. त्यांना भीती होती, तुम्ही नाही म्हणाल.

कडूबा : म्हणलंच असतं. मला पाणबुड्या जावई पाहिजे होता.

बुद्धभूषण : माहीत आहे. पण त्यांना नको होता, मामा.

कडूबा : काय म्हणली ती?

बुद्धभूषण : ते त्यांनीच सांगितलेलं बरं.

कडूबा : आता एवढं झाल्यावर मागं काही ठेवू नका. काय म्हणली?

बुद्धभूषण : म्हणाल्या, मी लहानपणापासून विहिरीच्या काठावर उभी राहिले. आईचा हात धरून. बाबा खाली गेले की आई बोलायची नाही, माझा हात दाबत राहायची, आणि संपतमामाचे आकडे ऐकू यायचे. बाबांचं डोकं पाण्यावर येईपर्यंत मी श्वास घ्यायचे नाही. आता पुन्हा तसं उभं राहायचं नाही मला. मी विचारलं, मग होकार का देता? तर म्हणाल्या, तुम्ही वर असता म्हणून.

(दुकानातली भिंतीवरची घड्याळं चालू आहेत.)

मुनीर : भाऊ, पाणी देऊ?

कडूबा : नको. पाहुणे, आहात ना?

बुद्धभूषण : आहे मामा.

कडूबा : ते टेंडर का काय, त्याच्यात काय करावं लागतं?

बुद्धभूषण : डायव्हरच्या अंगाला हवेची नळी, वायर आणि दोर एकत्र बांधलेला असतो. मनगटाएवढा जाड. तो माझ्या हातात. त्याला लागेल तेवढा सोडायचा, येताना ओढून घ्यायचा. हाताला घट्टे त्याचेच आहेत. त्या दिवशी तुम्ही फार निरखून बघत होतात, मला लाज वाटली.

कडूबा : दोर धरता म्हणजे.

बुद्धभूषण : हो. सोप्या शब्दात तेच.

कडूबा : ढिला पडला तर?

बुद्धभूषण : पडू देत नाही. दोर ढिला पडला म्हणजे माझं लक्ष गेलं. तो खाली काय करतोय ते दिसत नाही, पण हाताला कळतं. चालतोय, थांबलाय, अडकलाय. नवीन होतो तेव्हा एकदा कोणीतरी हाक मारली, मी वळून बघितलं. एवढंच. त्याची नळी खांबाला गुंडाळली गेली होती. वाचला तो. पण त्या दिवसापासून कामावर असताना कोणी हाक मारली तर मी ओ देत नाही. प्रियांना तेही सांगितलंय.

कडूबा : वर आल्यावर काय म्हणला तो?

बुद्धभूषण : शिव्या दिल्या. मग दुसऱ्या दिवशी साहेबाला सांगितलं, माझा दोर ह्यालाच द्या. का, ते मला अजून कळलं नाही.

कडूबा : मला कळलं. ज्याला भीती कळली त्याच्याच हातात दोर द्यावा.

मुनीर : साहेब, पाचला दहा कमी आहेत. माझा भाचा निघून जाईल. रंगाचं काय ते सांगा, का घड्याळच नको?

बुद्धभूषण : नकोच. मामांनी ते डायव्हरसाठी बघितलं होतं.

कडूबा : ते मी बघतो कोणासाठी बघितलं होतं. तुम्ही मला सांगा, खालच्याला घड्याळ लागतं?

बुद्धभूषण : हातात असतं त्याच्या. पण खाली गेल्यावर वेळ कळत नाही, मामा. पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात, कधी अर्धा तास पाच मिनिटांसारखा. तुम्हाला तर माहीतच आहे. त्याची वेळ वरच्यालाच बघावी लागते. साहेब बघतात, मीही बघतो. माझं साधं आहे, प्लास्टिकचं.

कडूबा : उन्हात दिसतं ते?

बुद्धभूषण : त्रास होतो. डेकवर सगळं लोखंड, ऊन डोळ्यावर येतं. काळ्या डायलच्या काचेत स्वतःचं तोंड दिसतं, काटे दिसत नाहीत.

कडूबा : हं.

बुद्धभूषण : मामा, एक विचारू? रविवारी आम्ही यायचं ना?

कडूबा : थांबा. आधी माझं एक ऐका. आमच्या विहिरीत संपतचा गळ पडलाय. लोखंडी आकडा असतो, मोटार अडकवून वढायचा. शेवटच्या दिवशी त्याच्या हातून सुटला. म्हणला, दाजी, उद्या काढू. त्याच आठवड्यात त्याला अटॅक आला. गळ तसाच खाली आहे. मी रोज वरून वाकून बघतो. दिसत न्हाई, पण आहे. तो मला वर आणायचा आहे. दोर धरायला माणूस न्हाई.

बुद्धभूषण : मी खाली जाऊ शकत नाही, मामा. मला जमत नाही.

कडूबा : तुम्हाला कोण जा म्हणतो? खाली मी जाणार. तुम्ही दोर धराल का, ते विचारतो.

मुनीर : भाऊ, एकसष्टावं लागलंय तुम्हाला.

बुद्धभूषण : आधी प्रियांना विचारतो.

कडूबा : तिला विचारलं तर न्हाईच म्हणंल. तिला कळू न देता, सकाळी लवकर.

बुद्धभूषण : मग नाही जमणार, मामा. साखरपुडा मोडलात तरी चालेल. चोरून दोर धरत नाही मी.

कडूबा : आन् हो म्हणली तर?

बुद्धभूषण : तर धरीन. एकच अट. तुम्ही सांगत होतात, संपतमामा साठ मोजायचे.

कडूबा : साठ म्हणायचा. पन्नासला वढायचा.

बुद्धभूषण : मी चाळीसला ओढणार.

कडूबा : चाळीसमधे तर तळालाही हात लागत न्हाई, पाहुणे.

बुद्धभूषण : नाही लागला तर वर या, दम घ्या, पुन्हा जा. गळ काही कुठं जात नाही. पण चाळीसला वर.

कडूबा : घासाघीस न्हाई?

बुद्धभूषण : ह्याच्यात नाही, मामा.

कडूबा : बरं. रविवारी दहाच्या आत या. आन् तुमच्या आईला सांगा, प्रियाची आई म्हणत होती, लग्नाच्या साड्यांचं नंतर बघू. ठेवतो.

मुनीर : ठेवला त्यांनी. आता मला सांगा, मोडलं का जमलं? नोमानची रिंग चालू करून राह्यलो मी.

कडूबा : मुनीर, दोर जावयानं धरलेला चालतो का रे?

मुनीर : मला काय विचारता, तुमची रीत. मेहुण्यानं धरायचा म्हणला होता.

कडूबा : मेहुणा गेला, प्रियाला भाऊ न्हाई, मंग जावईच. ती लहान होती, तवा मी पाण्यातून डोकं वर काढलं की हसायची. मला वाटायचं, बापाचं कौतुक वाटून राह्यलं पोरीला. एवढी वर्षं मी तेच समजून बसलो. ती श्वास सोडत होती.

मुनीर : उचलला नोमाननं. हां बेटा, थांब एक मिनिट. भाऊ, बोला. काळी?

कडूबा : पांढरी.

मुनीर : पांढरी? मघाशी तर म्हणलात, पांढरी काठावर बसणाऱ्याची.

कडूबा : मंग त्यालाच तर देऊन राह्यलोय.